सोळाव्या वर्षी हाती खडू

१९५३ च्या मार्च महिन्यात कॅन्सस राज्यातल्या टोपेका शहरात एका कृष्णवर्णीय शिक्षिकेच्या हाती शाळा अधीक्षकांचं पत्र पडलं. पुढच्या वर्षी गोऱ्या मुलांना शिकवायला कृष्णवर्णीय शिक्षक नेमलेले शहरातल्या बहुसंख्य लोकांना चालणार नाहीत, असं गृहीत धरून शाळा मंडळ पावलं टाकणार आहे, असा त्याचा आशय होता. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा ‘ब्राऊन’ खटल्याचा निकाल यायला तेव्हा वर्षाहून अधिक अवकाश होता. मुलं एकत्र बसणार असं दिसू लागताच त्यांच्या शिक्षकांना घरी बसवायची तयारी सुरू झाली. निकालानंतरच्या दशकभरात दक्षिणेतल्या आणि सीमेवरच्या १७ राज्यांत सुमारे ३८,००० कृष्णवर्णीय शिक्षक-मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. कृष्णवर्णीयांच्या शाळांना टाळं लागलं, मुलं गोऱ्यांच्या शाळांत गेली. त्यांच्या शिक्षकांना मात्र तिथे जागा मिळाली नाही.

आज अमेरिकेच्या सरकारी शाळांत शंभर विद्यार्थ्यांत पंधरा कृष्णवर्णीय असतात आणि शंभर शिक्षकांत जेमतेम सहा. ही तूट माणसांच्या निर्णयांतून आली आहे, आणि म्हणूनच ती माणसांच्या प्रयत्नांनी भरूनही निघू शकते. फिलाडेल्फियातलं ‘सेंटर फॉर ब्लॅक एज्युकेटर डेव्हलपमेंट’ २०१९ पासून याच विश्वासावर उभं आहे.

संस्थापक शरीफ एल-मेकी. आई-वडील ब्लॅक पँथर चळवळीतले, आणि लहानपणीची शाळा ‘निधामू सासा’. आपला इतिहास आणि आपली माणसं केंद्रस्थानी ठेवणारी ही फिलाडेल्फियातली स्वतंत्र शाळा होती. काळं असणं म्हणजे काहीतरी उणं असणं नव्हे, हे तिथे मुलांना वेगळं शिकवावं लागत नसे. वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाकडे पाहूनच ते कळायचं. पुढे तरुणपणी, एका फुटबॉल सामन्यानंतर त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. अनेक शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यातून उठल्यावर ते १९९३ मध्ये शिक्षक झाले. वेस्ट फिलाडेल्फियातल्या ‘शूमेकर’ शाळेचे ते दहा वर्षांहून अधिक काळ मुख्याध्यापक होते. २०१४ मध्ये कृष्णवर्णीय पुरुष शिक्षकांना एकत्र आणणारी ‘द फेलोशिप’ ही संघटना त्यांनी सहकाऱ्यांसोबत उभी केली. पण शिक्षक एकत्र आले तरी ते मुळात येणार कुठून, हा प्रश्न उरलाच. त्यासाठी त्यांनी मुख्याध्यापकाची खुर्ची सोडली.

सेंटरच्या कामाचं मर्म लवकर सुरुवात करण्यात आहे. शिक्षक हवे म्हणून बाविशीतल्या पदवीधरांच्या मागे लागण्याऐवजी ते हायस्कूलमधल्या मुलामुलींकडे जातं. उन्हाळ्याच्या सुट्टीत ‘फ्रीडम स्कूल्स लिटरसी अकॅडमी’ भरते. तिथे लहान इयत्तांतली मुलं वाचायला शिकतात आणि त्यांना शिकवणारे असतात हायस्कूल-कॉलेजातले विद्यार्थी. ध्वनी आणि अक्षर यांची सांगड कशी घालून द्यायची, अडखळणाऱ्या मुलाला पुढच्या शब्दापर्यंत कसं न्यायचं, हे अनुभवी शिक्षक या तरुणांना मागे उभं राहून दाखवतात. जोडीला कृष्णवर्णीयांचा इतिहास आणि संस्कृती असतेच. विशेष म्हणजे या तरुणांना कामाचा मोबदला मिळतो. सुट्टीत चार पैसे मिळवणं ज्यांना भागच असतं, त्यांना फुकट शिकवायला बोलावलं तर येणार कोण?

‘फ्रीडम स्कूल’ हे नाव १९६४ च्या मिसिसिपीतल्या उन्हाळी शाळांकडून आलं आहे. मताधिकाराच्या चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी तेव्हा चर्चच्या तळघरांत, घरांच्या ओसऱ्यांवर चाळीसेक शाळा चालवल्या होत्या. फिलाडेल्फियाची स्वतःची परंपरा त्याहूनही जुनी. १८३७ मध्ये स्थापन झालेल्या ‘इन्स्टिट्यूट फॉर कलर्ड यूथ’ची धुरा १८६९ पासून फॅनी जॅक्सन कॉपिन यांनी सांभाळली. जन्म गुलामीतला, आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्यांना पुरतील एवढे शिक्षक त्यांनी घडवले. त्याच शहरात आज कृष्णवर्णीय शिक्षकांची संख्या २००० सालानंतर हजाराहून अधिकने घटलेली आहे, हे वाचताना खिन्नता येते.

शिक्षकाचा रंग खरंच महत्त्वाचा आहे का? टेनेसीत १९८० च्या दशकात झालेल्या एका मोठ्या प्रयोगात मुलांची वर्गवाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी झाली होती, त्यामुळे तुलना खणखणीत करता येते. जॉन्स हॉपकिन्स आणि ‘अमेरिकन युनिव्हर्सिटी’ या विद्यापीठांतल्या अर्थशास्त्रज्ञांना त्यात दिसलं, की तिसरीपर्यंत एक तरी कृष्णवर्णीय शिक्षक लाभलेल्या कृष्णवर्णीय मुलांचं कॉलेजात जाण्याचं प्रमाण १३ टक्क्यांनी जास्त होतं.

शिक्षक मुलांच्या आपल्यातलाच असावा, हा विचार मराठी वाचकाला अनोळखी नाही. अमेरिकेतली गुलामी मोडणाऱ्या सज्जनांना १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण करणाऱ्या जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगाला निवेदन दिलं. प्राथमिक शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातूनच तयार करावेत, ते लोकांत मिसळतील आणि त्यांच्या गरजा जाणतील, अशी मागणी त्यात आहे. प्रमाणपत्र परीक्षा उत्तीर्ण शिक्षकाला बारा रुपयांपेक्षा कमी पगार नको, हेही त्यांनी तिथेच सांगितलं. कोणी शिकवावं आणि त्याचं पोट कसं भरावं, हे दोन प्रश्न त्यांनी वेगळे केले नाहीत.

पेन्सिल्व्हेनियात तोच दुसरा प्रश्न आज ऐरणीवर आहे. पदवी मिळण्याआधी काही महिने शाळेत पूर्णवेळ सराव करावा लागतो, तोही पूर्वापार बिनपगारी. गरीब घरातली मुलं इथेच गळतात. २०२३ च्या कायद्याने राज्यात अशा सरावासाठी किमान १०,००० डॉलरचं विद्यावेतन सुरू केलं आणि अर्ज पैशांहून कितीतरी जास्त आले. दुसरीकडे, २०२५ च्या फेब्रुवारीत केंद्रीय शिक्षण खात्याने शिक्षक-प्रशिक्षणाची ६० कोटी डॉलरहून अधिक अनुदानं रद्द केली.

सेंटर मात्र शिक्षक व्हायला निघालेल्या आपल्या तरुणांना कॉलेजच्या वर्षांत पैशांची आणि मार्गदर्शनाची साथ देतं, नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतही त्यांना एकटं सोडत नाही. ही साथ फार गरजेची आहे. शाळेतल्या एकट्या कृष्णवर्णीय शिक्षकाकडे दंगेखोर मुलं धाडण्याची सवय अनेक शाळांना असते. शिकवायला आलेला माणूस शिस्त लावणारा होऊन बसतो आणि दमून निघून जातो. म्हणून आता सेंटर नव्या शिक्षकांइतकंच त्यांच्या मुख्याध्यापकांसोबत आणि शाळा मंडळांसोबतही काम करतं.