मांजरेचें पाणी

नदीच्या खोऱ्यांत वसलेल्या शहरानें पिण्याच्या पाण्यासाठीं आगगाडीची वाट पाहावी, ही गोष्ट कल्पित वाटेल. परंतु लातूरनें ती अनुभवली आहे. १२ एप्रिल २०१६ रोजीं मिरजेहून कृष्णेचें पाणी घेऊन निघालेली पहिली गाडी सुमारें ३४० किलोमीटर अंतर कापून लातूरास पोंचली.

मग लातूरची स्वतःची नदी कोठें गेली होती? मांजरा बीड जिल्ह्यांत, पाटोदा तालुक्यांतील बालाघाटाच्या डोंगरांत उगम पावते आणि सुमारें ७२४ किलोमीटर वाहून तेलंगणांत गोदावरीस मिळते. वाटेंत १९३१ सालीं पुरा झालेला निजामसागर तिच्याच पाण्यानें भरतो. हैदराबाद शहरही तिचें पाणी पीत आलें आहे. पण हिमालयांतील नद्यांप्रमाणें हिला उन्हाळ्यांत बर्फाचा आधार नाहीं. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतील या प्रदेशांत वर्षाला सरासरी ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. जमिनीखालीं काळा कातळ. त्याच्या भेगांत मुरेल तेवढेंच पाणी टिकतें. म्हणून लातूर वर्षभर वाहत्या नदीवर जगत नाहीं; धनेगांवच्या धरणांत सांठलेल्या पाण्यावर जगतें. तें धरण लागोपाठच्या अपुऱ्या पावसानें २०१६ सालीं कोरडें पडलें.

श्रोते हो, येथें थोडा हिशोब करूं. पुढें ही गाडी ५० डब्यांची झाली. एका फेरींत २५ लाख लिटर पाणी येई. २०११ च्या शिरगणतीप्रमाणें शहराची वस्ती ३ लाख ८२ हजारांवर होती. म्हणजे माणशीं साडेसहा लिटर! उलट एक एकर उसाला, पाऊस धरून, वर्षाकांठीं सुमारें ८० लाख लिटर पाणी लागतें. अशा तीन गाड्या रित्या केल्या तरी तें पुरें व्हावयाचें नाहीं.

यांत शेतकऱ्यास दोष देणें सोपें आहे. परंतु उसाला ठरलेला भाव आणि हुकमी गिऱ्हाईक आहे. तूर-हरभऱ्यास तशी शाश्वती मिळाल्यावांचून त्यानें ऊस कां सोडावा?

त्याच वर्षीं पावसाळ्याअखेर धरण भरलें आणि गाडीची आठवण मागें पडली. खरा धोका या विसरण्यांत आहे. मांजरा ही बारमाही गंगा नव्हे. ती चार महिन्यांच्या कमाईची तिजोरी आहे. तिजोरी भरलेली असतांनाच पुढच्या दोन वर्षांचें पिण्याचें पाणी बाजूला काढून, उरेल त्याचीच वांटणी करणें, हाच शहाणपणाचा संसार होय.