अनुच्चारित नाम

हिब्रू धर्मग्रंथांत केवळ चार व्यंजनांत लिहिलेले ईश्वराचे नाम उच्चारण्यास यहुदी भाविक इतके कचरत, की वाचताना त्या अक्षरांशी येताच ते ‘अदोनाय’, म्हणजे ‘माझा धनी’, असे म्हणत. जुन्या वळणाच्या गृहिणीने ‘अहो’वर वेळ निभवावी, तसाच काहीसा हा प्रकार. पुढे त्या व्यंजनांना स्मरणार्थ जोडलेले ‘अदोनाय’चे स्वर ख्रिस्ती पंडितांनी एकत्र वाचले आणि ‘यहोवा’ हे संकररूप रूढ झाले. ग्रीक भाषांतरात त्या जागी ‘किरिओस’ आला. हा शब्द एरवी गुलामाच्या मालकासही लावीत. तथापि प्रेषित पौलाने येशूस तोच लावला, तेव्हा शास्त्र जाणणाऱ्या श्रोत्यास त्यात ते अनुच्चारित नामही ऐकू आले असले पाहिजे. मराठी बायबलात मात्र जुन्या करारात ‘परमेश्वर’ व नव्यात ‘प्रभू’ अशी फारकत झाल्याने हा धागा वाचकाच्या सहसा ध्यानी येत नाही.