पेयाला रकाना आहे, तालुक्याला नाही

मु. पो. डोणगाव, ता. मेहकर, जि. बुलढाणा. आपल्याकडे पत्ता असाच लिहितात, आधी गाव, मग तालुका, मग जिल्हा. हा क्रम इतका अंगवळणी पडला आहे की त्यात एक उलटे झाड दडलेले आहे, हे सहसा लक्षातच येत नाही. जगभरच्या विद्यापीठांत, बँकांत आणि सरकारी कचेऱ्यांत माणसांची नोंद नेमकी याच पद्धतीने ठेवली जाते. आधी माणूस, मग त्याचा विभाग, मग संस्था, शेवटी देश. या नोंदवहीला डिरेक्टरी म्हणतात आणि तिच्याशी बोलण्याच्या भाषेला एलडॅप. सकाळी ऑफिसात लॉगिन केल्यावर पासवर्ड बरोबर आहे की नाही, हे पुष्कळदा ही डिरेक्टरीच ठरवते.

हिचे मूळ आहे १९८८ साली निघालेल्या एक्स.५०० या मानकात. टेलिफोन आणि तारखात्यांच्या आंतरराष्ट्रीय समितीने ते काढले. स्वप्न असे, की साऱ्या जगाची मिळून एकच डिरेक्टरी असावी. ते प्रकरण फार जड निघाले. मग अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या टिम हाउज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा हलका अवतार घडवला. १९९३ साली तो कागदावर आला, तोच एलडॅप.

या नोंदवहीचा एक कडक नियम आहे. आधी जाहीर केलेला नाही असा एकही रकाना नोंदीत चालत नाही. कोणते रकाने असू शकतात, त्यांत काय बसते, कोणते भरलेच पाहिजेत, या सगळ्या व्याख्यांना मिळून स्कीमा म्हणतात. ‘व्यक्ती’ या वर्गाची व्याख्या दोनच गोष्टी सक्तीच्या करते, पूर्ण नाव आणि आडनाव. आणि प्रत्येक व्याख्येला जगात एकमेव असा क्रमांक लागतो. हे क्रमांकही पुन्हा एक झाडच. मुळाशी तीन फांद्या आहेत, ०, १ आणि २. त्यांतल्या २.५ वर डिरेक्टरीचा संसार. २.५.४.३ म्हणजे नाव, २.५.४.४ आडनाव, २.५.४.६ देश, २.५.४.८ राज्य, २.५.४.१७ पिनकोड. खामगावात असो की हेलसिंकीत, क्रमांक तेच.

१९९१ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या मंडळींनी प्रायोगिक डिरेक्टरीसाठी रकान्यांची एक यादी प्रसिद्ध केली. तिच्यात एक रकाना आहे ‘आवडते पेय’. गंमत नाही, खरोखर आहे. त्याला ०.९.२३४२.१९२००३००.१००.१.५ असा लांबलचक क्रमांक आहे, आणि २००६ साली यादी नव्याने लिहिली तेव्हाही कुणी तो काढला नाही. म्हणजे ही यादी भरलेल्या कुठल्याही डिरेक्टरीत चहा की कॉफी हे नोंदवायला अधिकृत जागा आहे. तालुक्याला मात्र नाही. देश आहे, राज्य आहे, ‘स्थान’ असा एक मोघम रकाना आहे. सिंदखेड राजा, देऊळगाव राजा, जळगाव जामोद, संग्रामपूर, मोताळा असे तेरा तालुके बाळगणाऱ्या बुलढाणा जिल्ह्याने काय करावे?

स्वतःचा रकाना जोडावा. त्याची सोय आहे, आणि खरी मौज तिथेच सुरू होते, कारण ही नोंदवही चालवणारा सर्व्हर एकेक अडचण काढू लागतो. समजा खामगावच्या एखाद्या महाविद्यालयाने ठरवले की विद्यार्थ्यांच्या नोंदीत तालुका हवा. पहिला अडथळा नावाचा. रकान्याचे नाव ‘तालुका’ असे देवनागरीत ठेवता येत नाही. तिथे फक्त रोमन अक्षरे, आकडे आणि जोडरेघ चालते, आणि सुरुवात अक्षरानेच करावी लागते. वर्णन मात्र खुशाल मराठीत लिहा, आत भरायची माहितीही मराठीत चालेल.

दुसरा अडथळा क्रमांकाचा. घाईत लोक दुसऱ्याच्या व्याख्येची नक्कल करतात आणि क्रमांक बदलायला विसरतात, मग ‘डुप्लिकेट’ अशी तक्रार येते. मनानेच एखादा क्रमांक ठोकून देणे त्याहून वाईट. आज चालून जाते आणि पुढे कधीतरी दुसऱ्या संस्थेच्या व्याख्येशी टक्कर होते. सरळ मार्ग असा की आयाना या जागतिक संस्थेकडे अर्ज करावा. ती १.३.६.१.४.१ या फांदीखाली संस्थेला स्वतःची डहाळी देते, तीही फुकट.

मग कंस, अवतरणचिन्हे, मोकळ्या जागा. वर्डमधून उचललेली वळणदार अवतरणचिन्हे सर्व्हरला कळत नाहीत, त्याला सरळ उभी हवीत. लांब व्याख्या पुढच्या ओळीवर नेताना त्या ओळीच्या सुरुवातीला मोकळी जागा सोडावी लागते. ती राहिली तर सर्व्हर तिला नवीनच आज्ञा समजतो आणि ‘ही आज्ञा मला माहीत नाही’ म्हणून अडून बसतो. हे सगळे किरकोळ. डोळ्यांत तेल घालून पाहिले की सापडते.

पण माझा सर्वात आवडता एरर वेगळा आहे. ओपनएलडॅप या मुक्त सर्व्हरमध्ये माणसांसाठी तयार असलेला नेहमीचा वर्ग बसवायला गेलात आणि क्रम चुकला, तर उत्तर येते, ‘ॲट्रिब्यूटटाइप नॉट फाउंड: ऑडिओ’. माणूस चक्रावतो. मी आवाजाबद्दल काही बोललोच नाही! खुलासा असा, की हा वर्ग ऐच्छिक रकान्यांमध्ये ‘ऑडिओ’चाही उल्लेख करतो, आणि ऑडिओची व्याख्या आहे त्याच लंडनच्या जुन्या यादीत, पेयाच्या शेजारी. ती फाइल आधी वाचायला दिली नाही, तर सर्व्हरच्या लेखी ऑडिओ हा शब्दच जन्मलेला नसतो. कुणी आपला आवाज तिथे साठवला नसेल, कधी साठवणारही नाही, तरी त्या न भरलेल्या रकान्यापायी सगळ्या माणसांची नोंद खोळंबते. उपाय एका ओळीचा, जुनी यादी आधी आणि नवी नंतर.

दुसरा तितकाच भारी. नावाच्या रकान्यात देवनागरी बिनतक्रार बसते, पण लिनक्सच्या खात्यांसाठी लागणाऱ्या ‘जीकॉस’ या रकान्यात तेच नाव टाकले की एरर क्रमांक २१, म्हणजे भरलेला मजकूर रकान्याच्या नियमात बसत नाही. ‘जीकॉस’ या नावाचा उगम बेल लॅब्समध्ये. युनिक्सच्या आरंभीच्या काळात तिथली मंडळी छपाईची आणि इतर कामे जनरल इलेक्ट्रिकच्या जीकॉस प्रणालीवर चालणाऱ्या मोठ्या संगणकाकडे पाठवत, आणि त्यासाठी लागणारी ओळख या रकान्यात ठेवत. १९९८ साली तो एलडॅपमध्ये आला तेव्हा त्याला फक्त जुनी रोमन अक्षरमालाच मंजूर झाली. मेहकरच्या मुलीचे मराठी नाव अडते, त्याचा धागा असा बेल लॅब्समधल्या एका बोजड यंत्रापर्यंत जातो.

आता तालुका जोडताना एक गोष्ट जपायची. विद्यार्थ्याच्या नोंदीत नेहमीच्या वर्गाशेजारी वेगळ्या वंशाचा दुसरा मुख्य वर्ग जोडायला गेलात, तर ६५ क्रमांकाचा एरर हमखास. एका नोंदीला मुख्य वंश एकच असतो. तालुक्यासाठी पूरक वर्ग करावा आणि तो असलेल्या नोंदीला जोडून द्यावा. हे एकदा डोक्यात बसले की निम्मी डोकेदुखी जाते.

इथवरच्या तक्रारी सर्व्हर स्वतः करतो, म्हणून मला त्या उपकारक वाटतात. न बोलणाऱ्या चुका घातक. आमच्या जिल्ह्याचेच पाहा. मराठीत कुणी बुलढाणा लिहितो, कुणी बुलडाणा, वर्तमानपत्रांतही दोन्ही दिसतात. इंग्रजीत तीच तऱ्हा, २०११च्या जनगणनेत ‘ह’शिवायचे स्पेलिंग आहे. शब्दांची तुलना कशी करायची याचे नियम स्कीमात असतात, आणि ते कमालीचे समंजस आहेत. लहान-मोठी रोमन अक्षरे एकच मानतात, जास्तीच्या मोकळ्या जागा सोडून देतात. ‘शेतकऱ्या’तला ऱ एकाच संकेताने टाइप केलेला असो की र आणि खालचा नुक्ता असा दोन तुकड्यांत, दोन्ही एकच धरावे असे मानक सांगते. पण ड आणि ढ? तिथे नियम हात टेकतो. त्याच्या लेखी ते दोन वेगळे जिल्हे, आणि एरर काही येत नाही. यावर उतारा क्रमांकाचा. त्याच जनगणनेने जिल्ह्याला ५०० हा क्रमांक दिला आहे, आणि पंचायती राज मंत्रालयाची स्थानिक शासन डिरेक्टरी तर गावागावाला क्रमांक देते. तालुक्याच्या रकान्यात शब्दाबरोबर असा क्रमांकही ठेवावा, हे माझे स्पष्ट मत.

‘पिनकोड आहेच की, जिल्हा कशाला?’ असेही कुणी म्हणेल. पिन १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. तो रचणारे श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे पंडित आणि कवी होते. त्यांचे झाड टपालाच्या वाटांचे, महसुलाचे नव्हे. बुलढाणा शहर ४४३००१, चिखली ४४३२०१. पण खामगाव ४४४३०३ आणि शेगाव ४४४२०३. जिल्हा एकच, तरी पिनच्या झाडावर ही दोन गावे अकोल्याच्या फांदीला लटकलेली. पिनवरून जिल्हा काढणारा प्रोग्राम शेगावला बेधडक अकोल्यात टाकेल, आणि सर्व्हर हूं की चूं करणार नाही.

डिरेक्टरीचे झाड बघायला सर्व्हर उघडायचीही गरज नाही. ई-निविदा भरणारा ठेकेदार संगणकाला डिजिटल सहीचे टोकन लावतो. त्यातल्या प्रमाणपत्राचा तपशील उघडा. सहीच्या धन्याची ओळख एक्स.५००च्याच रकान्यांत लिहिलेली दिसेल, देश, राज्य, पिनकोड, नाव. धोरणाच्या ओळीत २.१६.३५६.१०० ने सुरू होणारा क्रमांक असेल. २.१६ ही देशांची फांदी, ८४० अमेरिका, ३५६ भारत, आणि त्याखालचे १०० म्हणजे भारतातल्या डिजिटल सह्यांची यंत्रणा.