कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा? घरून काम, घरून अभ्यास आणि ऑनलाइन सावधगिरी

घरून काम आणि अभ्यास करताना ऑनलाइन सुरक्षित कसं राहावं, असा विषय संयोजकांनी दिला, तेव्हा मीच त्यांना विचारलं की तत्त्वज्ञानाच्या निवृत्त मास्तराला हा विषय कशाला? संगणकातला एखादा तरुण बोलवा. पण मग विचार करत गेलो. या फसवणुकींमध्ये कुलूप फोडून चोर आत आला, असं त्या मानानं कमी वेळा घडतं. बहुतेक वेळा आपणच आतून कडी काढतो, कारण बाहेरून कोणीतरी खात्रीच्या आवाजात हाक मारलेली असते. कोणाच्या हाकेला ओ द्यायची, हा प्रश्न मात्र आमच्या विषयातला आहे, आणि चांगला जुना आहे.

न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधनं मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचं सांगणं. इथं आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे हं! ज्याला ती गोष्ट नीट ठाऊक आहे आणि ती आहे तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. भाष्यकार वात्स्यायन सांगतो की हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेच्छ सगळ्यांना सारखंच लागू पडतं. म्हणजे आप्तपण वेशावर नाही की हुद्द्यावर नाही. व्हिडिओ कॉलवर वर्दी दिसली, मागं अशोकस्तंभाचं चित्र दिसलं, की आपण मान तुकवतो; वात्स्यायनाला ते चाललं नसतं.

आता पुढचा वाद बघा. मीमांसक म्हणतात, ज्ञान मुळात खरंच धरायचं, खोटं ठरेपर्यंत. नैयायिक म्हणतात, त्याचा खरेपणा बाहेरून तपासावा लागतो. याला ते परतःप्रामाण्य म्हणतात. रोजच्या जगण्यात आपण मीमांसक असतो, आणि असावंच लागतं. दूधवाल्यावर, रिक्षावाल्यावर सतत संशय घेत बसलो तर दिवस ढकलणं कठीण.

पण 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली आणि ऑफिस नि वर्ग घरात आले, तेव्हा एक गोष्ट हातातून गेली, आणि ती फारशी कोणाच्या ध्यानात आली नाही. ऑफिसात साहेबांच्या नावानं मेल आला, 'या खात्यावर ताबडतोब पैसे भरा', तर आपण शेजारच्या टेबलाकडं वळून म्हणायचो, "अहो, हे खरंच साहेबांनी पाठवलंय का?" हे एवढं वाक्य म्हणजेच परतःप्रामाण्य! घरी ते शेजारचं टेबल नाही. वर्गात शेजारचा बाक होता, तोही नाही.

'डिजिटल अटक' म्हणून जो प्रकार चालतो, तो याच एकटेपणावर उभा आहे. कॅमेरा बंद करू नका, घरात कोणाला सांगू नका, खोलीचं दार लावून घ्या. आपल्या कायद्यात व्हिडिओ कॉलवरून अटक नावाची गोष्टच नाही, पण ते सांगणारा माणूसच दाराबाहेर ठेवलेला असतो. म्हणून 'कोणाला सांगू नका' हे शब्द ऐकू आले की दार उघडायचं आणि घरात मोठ्यानं सांगायचं.

तपासणीची वाटही आपली हवी. ज्या निरोपाची शंका आहे, त्यातलाच नंबर फिरवून 'हे खरं का' विचारणं म्हणजे साक्षीदारालाच विचारणं, की बाबा रे, तू खरं बोलतोस ना? बँकेचा नंबर कार्डाच्या मागून घ्या, कॉलेजचा आपल्या जुन्या वहीतून घ्या.

मुलांना जी फसवणूक गाठते, ती मला सगळ्यात चलाख वाटते. 'घरबसल्या काम' म्हणून निरोप येतो. दोन-तीन व्हिडिओंना लाइक करा, दीडशे रुपये मिळतील. आणि मिळतात! खरोखर खात्यात येतात. नैयायिकांची एक कसोटी आहे: ज्ञानानुसार वागलो आणि फळ मिळालं, तर ज्ञान खरं. पाणी समजून गेलो, तहान भागली, तर ते पाणीच होतं. हा ठग तीच कसोटी पुरी करून दाखवतो. मग म्हणतो, आता पाच हजार भरा, सात हजार मिळतील. दीडशेला जे घडलं ते पाच हजारालाही घडेल, अशी व्याप्ती मुलगा मनात बांधतो. एका दाखल्यावर व्याप्ती बसत नाही, हे आम्ही तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवत होतो. साधी खूण सांगतो: पगार देणारा कामगाराकडून पैसे मागत नाही.

बाकीचं भरभर सांगतो. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून आलेली फाइल एपीके असेल तर ते ॲप आहे, पत्रिका नव्हे, उघडू नका. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून स्क्रीन दाखवणारं ॲप घेऊ नका, त्याला तुमचे ओटीपीसुद्धा दिसतात. ऑफिसचा लॅपटॉप मुलांच्या खेळांना देऊ नका. ईमेलला दोन टप्प्यांची पडताळणी लावा, कारण बाकी बऱ्याच खात्यांचे पासवर्ड त्याच वाटेनं बदलता येतात.

आणि एवढं करूनही पैसे गेलेच तर? लगेच 1930 ला फोन करायचा आणि बँकेला कळवायचं. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात, वाटेत अडवता आले तर आले. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमांनुसार, चूक बँकेचीही नाही नि ग्राहकाचीही नाही असा व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला, तर ग्राहकावर भार येत नाही. ओटीपी आपणच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, त्यानंतरचं बँकेचं.

इथं घरातल्या वडीलधाऱ्यांना एक विचारतो. मुलगी रात्री अकराला येऊन म्हणाली, "बाबा, माझ्याकडून असं असं झालं", तर तुमच्या तोंडून पहिलं वाक्य कोणतं निघेल? ते रागाचं निघेल हे तिला आधीच ठाऊक असेल, तर ती अकराला येणारच नाही. दोन दिवसांनी येईल. हेच म्हाताऱ्या आई-वडिलांनाही लागू आहे, त्यांना तर मुलांसमोर जास्तच लाज वाटते. तेव्हा आधी फोन लावा, बोलायचं ते नंतर बोला. 1930 हा आकडा आज घरी गेल्यावर फ्रिजच्या दारावर लिहून ठेवा. चला, प्रश्न घेऊ या.