परक्या लिपीतील आपली ठेव : प्रा. पु. वि. बापट

जालना जिल्ह्यातील भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. या नगरीच्या दात्यांचे उल्लेख शेकडो मैल दूर सांचीच्या स्तूपावर कोरलेले आढळतात. गावाची ओळख कधी अशी परमुलखात जपली जाते. ग्रंथांचेही तसेच. भारतात लुप्त झालेले ग्रंथ चिनी भाषांतरांतून शोधणारे मराठी पंडित म्हणजे प्राध्यापक पुरुषोत्तम विश्वनाथ बापट (१८९४–१९९१).

पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते पाली शिकवीत. ‘विमुत्तिमग्ग’ हा ग्रंथ मूळ रूपात उपलब्ध नव्हता. सहाव्या शतकारंभीचे त्याचे चिनी भाषांतर मात्र टिकून होते. बापटांनी चिनी भाषा आत्मसात केली आणि हार्वर्ड विद्यापीठातील प्रबंधासाठी तो ग्रंथ बुद्धघोषांच्या ‘विसुद्धिमग्गा’शी ताडून पाहिला. हा अभ्यास १९३७ साली पुण्यात प्रसिद्ध झाला. पुढे दिल्ली विद्यापीठाच्या बौद्ध विद्या विभागाची धुरा त्यांनी वाहिली. १९७० साली, पंचाहत्तरी उलटल्यावर, जपानी विद्वान अकिरा हिराकावा यांच्यासह त्यांनी ‘समन्तपासादिका’ या टीकेच्या चिनी रूपाचे इंग्रजी भाषांतर प्रकाशित केले.

ही देवाणघेवाण दुतर्फा होती. महाराष्ट्र पाहून स्वदेशी परतलेल्या ह्युएन त्संगाला इ. स. ६४७ मध्ये चिनी सम्राटाने लाओ त्सेचा ताओ ग्रंथ संस्कृतात आणण्याची आज्ञा केली. ‘ताओ’साठी ‘बोधी’ हा शब्द योजावा, असा ताओपंथी पंडितांचा आग्रह होता. ह्युएन त्संगाने ‘मार्ग’ हाच शब्द धरला. मापात पाप नको, हा व्यापारातील नियम भाषांतरालाही लागू आहे. बापटांनीही दोन ग्रंथांतील साम्याबरोबर भेदही तितक्याच निष्ठेने नोंदविले.

आपल्या परंपरेतही असे उदाहरण आहे. मल्लवादींचा ‘द्वादशार नयचक्र’ मूळ रूपात मिळत नव्हता. सिंहसूरींच्या टीकेवरून तो पुन्हा उभा करताना मुनि जंबूविजयजींनी तिबेटी भाषा शिकून तिच्यातील बौद्ध ग्रंथांचा आधार घेतला. ज्ञानासाठी परकी भाषा शिकणे हाही स्वाध्यायच होय.

आपल्या घरी, मंदिरात वा स्थानकात जुन्या पोथ्या असतील. लिपी लागत नाही म्हणून त्या विसर्जित करू नयेत; जाणकारांना दाखवाव्यात, त्यांची सूची करावी. ठेव कोणाची आहे हे उमगेपर्यंत ती सांभाळणे, हा सचोटीच्या पेढीचा धर्म आहे.