अंदाजपत्रकातील रुपया आणि शेतातील विहीर

वाशीम जिल्ह्यातील शेतकऱ्यास पावसाची ओळख करून देण्याचे कारण नाही. जून-जुलैत सोयाबीन व तूर जोमाने वाढते, पोळ्याच्या सुमारास आभाळ कोरडे पडते, आणि शेंगा भरण्याच्या ऐन वेळी पाण्याची एक पाळी मिळाली तर पीक हाती लागते. न मिळाली तर दाणा बारीक राहतो. पुढे हरभऱ्याचेही तसेच. फुलोऱ्यापूर्वी एक व घाटे भरताना एक अशी दोन पाणी देण्याची सोय ज्याच्या शेतात आहे, त्याचा हरभरा आणि निव्वळ ओलीवर घेतलेला हरभरा यांत मोठे अंतर पडते. ज्याच्या बांधाच्या आत विहीर आहे त्याचा संसार एका रीतीने चालतो, ज्याच्या बांधाच्या आत ती नाही त्याचा दुसऱ्या रीतीने. ही विहीर कोणाकडे नाही याचा गावोगाव शोध घेतला, तर अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांची नावे पुष्कळ वेळा पुढे येतील.

दि. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळ्या झालेल्या या सहा तालुक्यांच्या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे १२ लाख होती. त्यांत अनुसूचित जातींचे प्रमाण शंभरात १९ पडते. सबंध महाराष्ट्राचे प्रमाण शंभरात १२ हून किंचित कमी आहे. म्हणजे या समाजासाठी राखून ठेवलेल्या पैशाचा प्रश्न वाशीमला इतर अनेक जिल्ह्यांपेक्षा अधिक जवळचा आहे.

हा पैसा येतो कोठून? १९७९-८० पासून केंद्र शासनाने ‘विशेष घटक योजना’ ही पद्धती सुरू केली. तिच्यामागील विचार साधा आहे. विकासाच्या एकूण खर्चातील निदान लोकसंख्येइतका वाटा अनुसूचित जातींच्या नावे वेगळा काढावा, म्हणजे सर्वांसाठी म्हणून काढलेल्या पैशात त्यांचा हिस्सा हरवून जाणार नाही. पुढे हिचेच नाव अनुसूचित जाती उपयोजना असे झाले. महाराष्ट्राच्या २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात कार्यक्रम खर्चासाठी सुमारे १ लाख ९० हजार कोटी रुपये धरण्यात आले, त्यांपैकी अनुसूचित जाती घटकासाठी २२ हजार ६५८ कोटी. भागाकार केला तर शंभर रुपयांत बारा रुपयांच्या आसपास हिशेब येतो. कागदावर, म्हणून, तत्त्व पाळले गेले आहे.

परंतु तरतूद ही पेरणी होय. खळे अद्याप दूर असते. अंदाजपत्रकात लिहिलेली रक्कम पूर्ण वितरित होतेच असे नाही. वितरित झालेली पूर्ण खर्च होतेच असेही नाही. आणि कधी ती वाटेतच दुसरीकडे वळते. २०२५ च्या मे महिन्यात सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी रुपये लाडकी बहीण योजनेकडे देण्यात आले, तेव्हा त्या खात्याच्या मंत्र्यांनीच उघड नाराजी व्यक्त केली होती. त्या योजनेतही अनुसूचित जातींच्या स्त्रिया लाभार्थी आहेत, असे समर्थन यावर केले जाते व ते अगदीच निराधार नव्हे. तरीही महिन्याला हाती येणारे पैसे महिन्यात संपतात आणि विहीर नातवाच्या कारकीर्दीपर्यंत पाणी देते, हा फरक शेतकऱ्यास समजावून सांगावा लागत नाही. आंध्र प्रदेश व कर्नाटक या राज्यांनी २०१३ मध्ये या निधीसाठी स्वतंत्र कायदे केले, ते याच भीतीपोटी.

आता आपल्या तालुक्याकडे वळू. जिल्हा परिषदेच्या कृषी विभागाकडून डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना राबविली जाते. २०१७ च्या जानेवारीत ती सध्याच्या स्वरूपात आली. जुन्या मंडळींच्या तोंडी मात्र अजूनही ‘विशेष घटकची विहीर’ हेच नाव आहे. नव्या विहिरीसाठी त्या वेळी अडीच लाख रुपये अनुदान होते. खोदाई, सुरुंग, बांधकाम व मजुरी यांचे दर वाढत गेले आणि अडीच लाखांत विहीर अर्ध्यावर थांबू लागली. २०२४ च्या सप्टेंबरात मंत्रिमंडळाने ही रक्कम चार लाखांवर नेण्याचे, जुन्या विहिरीच्या दुरुस्तीस एक लाख रुपये देण्याचे आणि दीड लाखाच्या वार्षिक उत्पन्नाची अट काढून टाकण्याचे ठरविले. दोन विहिरींमधील पाचशे फुटांच्या अंतराची अटही त्याच वेळी गेली. अट गेली हे अर्जदाराच्या सोयीचे झाले खरे. खडकाखालचे पाणी मात्र होते तेवढेच आहे. आपला जिल्हा काळ्या पाषाणाचा. येथे पाणी मुरमाच्या थरात व खडकाच्या भेगांतच सापडते, आणि शेजाऱ्याच्या विहिरीला अगदी लागून खोदलेली विहीर पुष्कळदा त्याचेच पाणी ओढते. तेव्हा जागा ठरविण्यापूर्वी भूजल सर्वेक्षण विभागाचा सल्ला घेणे, ही औपचारिकता समजू नये.

इतके असूनही पात्र मनुष्य रांगेबाहेर का राहतो? आमच्या मते पहिले कारण सातबारा हे होय. समजा, एका शेतकऱ्याची तीन एकर जमीन आहे. ती अजून मयत आजोबांच्या नावे आहे. वारस सात, त्यांपैकी दोघे पुण्यास कामाला. जमीन कसणारा हाच, कर्ज फेडणारा हाच, परंतु कागदावर तो कोणीच नाही. त्याचा अर्ज छाननीत पडतो आणि तालुक्यास ठरवून दिलेल्या उद्दिष्टातील एक विहीर दुसऱ्या गावी जाते. ई-क्लास जमीन वर्षानुवर्षे वाहणाऱ्यांची स्थिती याहून बिकट. त्यांचे अतिक्रमण नियमित झाले नसेल तर त्यांच्यापाशी दाखवावयास सातबाराच नाही, मग विहिरीची गोष्ट कशाला? ज्यांना जमीनच नाही, अशा दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नावाची योजना २००४-०५ पासून आहे. भूमिहीनांसाठी १९५९ व १९६४ मध्ये ज्यांनी सत्याग्रह उभे केले, त्यांचे नाव तिला शोभते. चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन शासन विकत घेऊन देते, विधवा व परित्यक्ता स्त्रियांना अग्रक्रम आहे, आणि २०१८ पासून सर्व रक्कम अनुदान म्हणून मिळते. पण शासनाने त्या वेळी ठरविलेल्या कमाल दरात, म्हणजे जिरायतीस एकरी पाच लाख व बागायतीस आठ लाखांत, विकणारा मिळाला पाहिजे. आणि चांगली जमीन त्या दरात कोणी सहसा काढत नाही. येथे पैसा असून अडतो.

दुसरे कारण वेळेचे. विहिरीचे अनुदान कामाच्या टप्प्यांनुसार, मोजमाप झाल्यावर बँकेच्या खात्यात जमा होते. पहिला खर्च शेतकऱ्यानेच करावयाचा असतो. ज्याच्या घरात सोयाबीनचे पैसे आल्याबरोबर उसनवारीत जातात, त्याने खोदाईचे पैसे कोठून आणावे? तो सावकाराकडे जातो, किंवा सगळे काम एखाद्या ठेकेदारावर सोपवितो आणि मग अनुदानाचा धनी ठेकेदारच होऊन बसतो. मंजुरी दिवाळीच्या आत हाती आली तर खोदाईस उन्हाळ्यापर्यंत पुरेसे महिने मिळतात. ती फेब्रुवारीच्या अखेरीस आली तर बांधकाम पावसात सापडते, दरड कोसळते, मोजमाप लांबते. जिल्हा परिषदेकडे आलेला निधी दुसऱ्या आर्थिक वर्षाच्या मार्चअखेरपर्यंत खर्चता येतो, ही सवलत मोठी आहे. परंतु पहिले वर्ष अर्जांच्या त्रुटी काढण्यातच गेले तर तीही अपुरी पडते.

म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांना एक विनंती करावीशी वाटते. संगणकावर अर्ज भरण्याची मुदत जाहीर होण्याची वाट न पाहता, पेरणी आटोपल्यावरच्या मोकळ्या दिवसांत वस्तीवर जाऊन बसावे. प्रत्येक घरी तीनच गोष्टी विचाराव्यात: सातबारा कोणाच्या नावे आहे, जातीचा दाखला आहे काय, आणि बँकेचे खाते आधारशी जोडलेले आहे काय. वारस नोंद राहिली असेल तर मृत्यूच्या दाखल्यासह अर्ज त्याच दिवशी लिहून घ्यावा व ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडे, देऊन त्याची पोच शेतकऱ्याच्या हाती ठेवावी. फेरफार मंजूर होण्यास काही आठवडे जातात. ऑगस्टमध्ये दिलेल्या अर्जाचा सातबारा दिवाळीपूर्वी निघण्यास अवसर राहतो. जानेवारीत दिलेल्या अर्जाचा निघेपर्यंत त्या वर्षाची यादी लागून गेलेली असते.