तीन प्रती असूनही डेटा जातो कसा?

मागच्या व्याख्यानात आपण कुबरनेटिसची ओळख करून घेतली. अनेक संगणकांवर कामं वाटून देणारा, एक कंटेनर बंद पडला की त्याच्या जागी दुसरा उभा करणारा हा मुकादम. आजचा प्रश्न असा, की माणूस बदलला तर त्याच्याकडच्या नोंदींचं काय?

शाळेत शिक्षक आजारी पडले तर बदली शिक्षक येतात. ते चालतं. पण हजेरीपट तोच हवा! कंटेनर हा बदली शिक्षक. त्याच्या पोटात लिहिलेलं त्याच्याबरोबर जातं. म्हणून हजेरीपट बाहेर, वेगळ्या जागी ठेवावा लागतो.

ही जागा सांभाळणारं एक मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे सेफ. सेज वाइल यांच्या सांताक्रूझ इथल्या पीएच.डी.च्या कामातून ते उभं राहिलं. त्यावरचा निबंध २००६ सालचा. त्यातली कल्पना आम्हाला फार आवडते. कोणती वस्तू कुठे ठेवली याची एक मोठी वही सेफ ठेवत नाही. यंत्रणेचा नकाशा आणि 'क्रश' नावाची रीत यांवरून जागा गणितानं काढली जाते. वहीच नाही, म्हणजे वहीपाशी रांगही नाही. प्रत्येक वस्तूच्या साधारणपणे तीन प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर राहतात. एक डिस्क मेली, तर उरलेल्या प्रतींवरून नवी तयार होते.

आता या दोघांची गाठ कशी पडते? पूर्वी साठवणुकीच्या प्रत्येक प्रकाराचा जोडकोड कुबरनेटिसच्या पोटातच असे. एवढंसं दुरुस्त करायचं तरी कुबरनेटिसच्या पुढच्या आवृत्तीची वाट पाहा. मग सीएसआय हा सामाईक करार आला. डिसेंबर २०१८ च्या १.१३ आवृत्तीत तो पक्का झाला. आता अ‍ॅप्लिकेशन फक्त मागणी नोंदवतं, 'मला दहा जीबी जागा हवी.' कुठली डिस्क, कुठलं यंत्र, हे त्याला ठाऊक नसतं. ती जागा करारानुसार सेफचा चालक मिळवून देतो. आणि खुद्द सेफ कुबरनेटिसमध्ये चालवायचं, तर त्याची देखभाल रूक नावाचं आणखी एक मुक्त सॉफ्टवेअर करतं.

इथपर्यंत सगळं छान. पण मंडळी, खरी मेख पुढेच आहे. अशी आपोआप मिळालेली जागा मागणी रद्द केल्यावर ठेवायची की पुसायची? वेगळं काही सांगितलं नसेल, तर नियम 'पुसा' असा आहे. कोणी साफसफाई करताना चुकून ती मागणी काढून टाकली, की जागा जाते, आतला डेटाही जातो. आणि तीन प्रती? तिन्ही मुकाट्यानं आज्ञा पाळतात. प्रती डिस्कच्या मरणापासून वाचवतात, आपल्या आज्ञेपासून नाही.

म्हणून महत्त्वाच्या डेटासाठी 'राखून ठेवा' हा पर्याय स्वतः निवडावा. बॅकअप या यंत्रणेच्या बाहेर ठेवावा, आणि तो परत आणून पाहावा. परत आणून न पाहिलेला बॅकअप ही नुसती श्रद्धा झाली.

तत्त्वज्ञान शिकवताना आम्ही म्हणायचो, गृहीतकं वाचल्याशिवाय निष्कर्षावर सही करू नका. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ती गृहीतकं सगळ्यांसमोर उघडी असतात, ही त्याची मोठी देणगी. पण ती वाचायचं काम मुकादम आपल्या वतीनं करत नाही. ते आपल्यालाच करावं लागतं.